जुनं टर्मिनल हाती लागलं तर: व्हिडिओ कंट्रोलर काय मोजतो आणि बिघाड कसा वाचायचा

कोकणात अशी टर्मिनलं अजून निघतात. पतसंस्थेच्या पोटमाळ्यावर, आंबा कॅनिंगच्या बंद पडलेल्या ऑफिसात, कॉलेजच्या लॅबमागच्या खोलीत, नाहीतर रत्नागिरी-चिपळूणच्या भंगारवाल्याकडे पत्र्याखाली. बोजड प्लास्टिकचं डोकं, जाड कीबोर्ड, मागे पंचवीस पिनांचा कनेक्टर. आणणारा बहुधा म्हणतो, ‘जुना कॉम्प्युटर आहे, बघ चालतोय का.’ तो कॉम्प्युटर नसतो. तारेवरून आलेली अक्षरं पडद्यावर दाखवायची आणि कीबोर्डवर दाबलेली तारेवरून पाठवायची, एवढंच त्याचं काम. खरा कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत असायचा.

हा लेख ज्यांना सोल्डरिंग आणि मल्टीमीटर वापरता येतो, पण व्हिडिओचा भाग कधी नीट उलगडलेला नाही, त्यांच्यासाठी आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगतो: व्हिडिओ कंट्रोलर अक्षर काढत नाही. अक्षर दिसतं कसं हे त्या चिपला ठाऊकच नसतं. ती फक्त मोजते. पडदा उजळणारा इलेक्ट्रॉनचा झोत कितव्या ठिपक्यावर, कितव्या अक्षरावर, कितव्या रेघेवर आहे, एवढीच तिची बुद्धी. पडद्यावर दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक बिघाडात ‘कोणती मोजणी चुकली?’ असं विचारलं की अर्धं काम होतं.

पहिली पायरी: आत काय आहे ते ओळखा

झाकण काढलं की दोन वेगळे भाग दिसतात. एक टीव्हीसारखा: पिक्चर ट्यूब, तिच्या मानेवरचा योक (झोत वळवणारी कॉइल), मानेच्या टोकाचा बेस (सॉकेट), आणि एलओटी (ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर). दुसरा लॉजिक बोर्ड. त्यावर चाळीस पायांच्या दोन-तीन मोठ्या चिप असतील. एकीवर ८०८५ किंवा झेड८० असेल, तो प्रोसेसर. दुसरी व्हिडिओ कंट्रोलर; तिच्यावर ६८४५ असेल तर तुम्ही नशीबवान, कारण ही चिप शिकायला सर्वांत सोपी. मोटोरोलाची ही चिप हिताचीने ४६५०५ या नंबराने काढली. आयबीएमने १९८१ च्या पीसीच्या मोनोक्रोम आणि कलर दोन्ही कार्डांवर तीच बसवली. बीबीसी मायक्रो आणि ॲमस्ट्राड सीपीसी या घरगुती कॉम्प्युटरांतही तीच आहे.

इंटेलची ८२७५ निघाली तर वळण वेगळं. ती मेमरीला सतत पत्ते देत नाही. डीएमए चिपकडून (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून डेटा आणणारी चिप) अख्खी ओळ स्वतःच्या पोटातल्या ऐंशी अक्षरांच्या बफरात ओढून घेते, आणि ती दाखवेपर्यंत दुसऱ्या बफरात पुढची ओळ भरते. काही टर्मिनलांत अशी एकही मोठी व्हिडिओ चिप सापडणार नाही. लिअर सिग्लरच्या १९७६ च्या एडीएम-३ए मध्ये तर मायक्रोप्रोसेसरही नव्हता. सगळी मोजणी साध्या टीटीएल चिपांच्या, म्हणजे छोट्या लॉजिक चिपांच्या, फौजेने व्हायची. डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० मध्ये इंटेल ८०८० होता आणि व्हिडिओच्या चिप डेकने स्वतःच्या बनवून घेतलेल्या. मोजणी मात्र सगळीकडे तीच, म्हणून खाली ६८४५ धरून चालतो.

बाकीच्या ओळखीच्या चिप: २११४ चार (प्रत्येक १०२४ × ४ बिट, मिळून २०४८ बाइट) किंवा एकच ६११६, ही पडद्याची मेमरी. २७१६ ही अक्षरांच्या आकारांची रॉम. प्रोसेसरच्या प्रोग्रामचीही २७१६ असू शकते, तेव्हा गोंधळू नका, ७४१६६ च्या जवळची ती अक्षरांची. ७४१६६ हा शिफ्ट रजिस्टर, आठ बिट एकदम घेऊन एकेक सोडणारा. ७४१५७ तीन-चार एका रांगेत दिसतील, त्या पत्त्यांचे सांधे बदलतात. आणि सिरियल तारेवर पाठवणारी-घेणारी १४८८-१४८९ ची जोडी कनेक्टरजवळ.

दुसरी पायरी: वीज देण्याआधी

इथे घाई नको. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने यंत्राचं जे केलेलं असतं ते पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. आयसी सॉकेटच्या पायांवर हिरवट कळंक, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांना गंज, जाळीच्या भोकांत कुंभारमाशीची मातीची घरटी, आत पालीची अंडी. चिपळूणच्या २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात यंत्र बुडालेलं असेल तर सॉकेटांच्या आत गाळ सुकून बसलेला असतो आणि तो वरून दिसत नाही. लॉजिक बोर्ड सुटा करून साध्या स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. एलओटी आणि ट्यूबचा भाग मात्र धुवायचा नाही. सॉकेटमधली प्रत्येक चिप हळूच उचलून पाय साफ करून परत बसवा. माझा अनुभव असा की किनाऱ्यावरच्या बंद टर्मिनलांत चिप जळलेली क्वचित असते. संपर्क गेलेला असतो.

आता धोक्याचं. साध्या बारा इंची ट्यूबच्या ॲनोडवर (ट्यूबला उच्च दाब मिळतो ते टोक) दहा हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. स्विचिंग सप्लाय असेल तर त्याच्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी. ट्यूबची मान काचेची आणि नाजूक. बोर्ड ओढताना तिला धक्का लागला की संपलं. ॲनोड डिस्चार्ज कसा करतात हे कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नसेल तर गावातल्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा. एलसीडी आल्यापासून त्यांना हे काम मिळत नाही, ते आनंदाने येतात आणि चहावर तासभर थांबतात.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरा, साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावून. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. झगझगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, तेही बघून घ्या. धातूच्या चासिसला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पुढे जायचं नाही.

तिसरी पायरी: झोत आणि पाच मोजण्या

ट्यूबच्या मागून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो. मग विझतो, झटकन डावीकडे येतो, किंचित खाली पुढची रेघ ओढतो. शेतातलं जोत बांधापाशी वळून उलट दिशेने नांगरत येतं, तसं इथे नाही. परतीच्या वाटेवर झोत रिकामाच येतो. तळाशी पोचला की पुन्हा वर. टीव्हीच्या मापाचा मॉनिटर असेल तर एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा, आणि सेकंदाला सुमारे पन्नास पूर्ण पडदे.

झोत कुठे आहे हे लॉजिक बोर्ड डोळ्याने पाहत नाही. तो स्वतःच्या मोजणीने चालतो आणि ‘आता रेघ बदल’, ‘आता वर जा’ असे दोन सिंक सिग्नल पाठवतो. झोत त्या हुकमाने धावतो. म्हणजे मालक मोजणी, झोत नोकर. नवशिक्या बरेचदा उलट समजतो आणि मग मॉनिटर बदलत बसतो.

आता आकडे घेऊ. समजा बोर्डवर १४ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आहे, अक्षर आठ ठिपके रुंद, आणि पडद्यावर ८० × २४ अक्षरं. पहिली मोजणी ठिपक्यांची: दर आठ ठिपक्यांना एक अक्षर, म्हणजे सेकंदाला १७ लाख ५० हजार अक्षर-काळ. ही मोजणी ६८४५ च्या बाहेर, एखाद्या छोट्या काउंटर चिपमध्ये होते. दुसरी अक्षरांची: ११२ अक्षर-काळ झाले की एक रेघ पूर्ण. भागून बघा, १७,५०,००० ला ११२ ने भागलं की नेमके १५,६२५ येतात. त्या ११२ पैकी ८० दिसतात, ३२ दोन्ही कडांच्या काळ्या पट्ट्यांत आणि झोताच्या परतीत जातात. तिसरी रेघांची: दहा रेघा झाल्या की अक्षरांची एक ओळ. चौथी ओळींची: २४ दिसणाऱ्या आणि वर-खालच्या न दिसणाऱ्या मिळून ३१. त्याच्या ३१० रेघा झाल्या. टीव्हीला ३१२ हव्यात, म्हणून दोन रेघांची भर. पाचवी पडद्यांची: ती कर्सर लुकलुकवायला लागते.

चौथी पायरी: एका अक्षराचा प्रवास

पडद्याच्या मेमरीत चित्र नसतं, नुसते अक्षरांचे क्रमांक असतात. २४ ओळी × ८० म्हणजे १९२० बाइट; २०४८ च्या मेमरीत १२८ शिल्लक राहतात. डाव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी मोठा ए असेल तर पहिल्या बाइटमध्ये ६५ हा आकडा.

६८४५ मेमरीला पत्ता देते: ०, १, २... ७९. प्रत्येक अक्षर-काळाला एक. मेमरीतून ६५ निघतो आणि रॉमच्या पत्त्याच्या सात वरच्या तारांवर जातो. खालच्या चार तारांवर ६८४५ रेघेचा क्रमांक देते. रॉममध्ये प्रत्येक अक्षराला सोळा बाइटांची जागा असेल, तर ए चे आकार ६५ × १६ म्हणजे १०४० व्या बाइटपासून सुरू. पहिल्या रेघेला १०४० वा बाइट बाहेर येतो, दुसरीला १०४१ वा. १२८ अक्षरं × १६ बरोबर २०४८, म्हणजे एक २७१६ नेमकी भरते. बाहेर आलेले आठ बिट ७४१६६ मध्ये एकदम शिरतात आणि १४ मेगाहर्ट्झच्या तालावर एकामागून एक निघतात. एक म्हणजे झोत पेटवा, शून्य म्हणजे विझवा. अक्षर ‘काढणारं’ जे काही आहे ते एवढंच.

इथे बहुतेक जण एका जागी अडखळतात. पहिली रेघ संपल्यावर ६८४५ पत्ता ८० वर नेत नाही. परत ० पासूनच सुरू करते, कारण त्याच अक्षरांची दुसरी रेघ काढायची आहे. तीच ऐंशी अक्षरं दहा वेळा वाचली जातात, फक्त रेघेचा क्रमांक बदलतो. दहावी झाली की मगच पत्ता ८०. म्हणून सेकंदाला मेमरी ९ लाख ६० हजार वेळा दिसणाऱ्या अक्षरांसाठी वाचली जाते, आणि पडद्यावर काहीही बदलत नसलं तरी.

मग प्रोसेसरला नवं अक्षर लिहायला सवड कधी? त्यासाठीच त्या ७४१५७. पत्त्याच्या तारा एका क्षणी कंट्रोलरच्या, दुसऱ्या क्षणी प्रोसेसरच्या. काही बोर्डांवर दोघांना अर्धा-अर्धा काळ वाटून दिलेला असतो, काहींवर प्रोसेसर झोत परतत असतानाच लिहितो. आयबीएमच्या कलर कार्डावर ऐंशी अक्षरांच्या मोडमध्ये प्रोसेसर मध्येच घुसला की पडद्यावर पांढरे तुषार उडायचे, आणि प्रोग्रामर ते टाळायला झोत परतण्याची वाट बघत बसायचे. तुमच्या टर्मिनलवर अक्षरं येतानाच फक्त असे तुषार दिसत असतील तर तो कदाचित बिघाड नसून बनवणाऱ्याचा काटकसरीपणा असेल.

आता ही एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही आणि सर्किट वाचताना छळते. एका अक्षराला वेळ मिळतो ०.५७ मायक्रोसेकंद, म्हणजे ५७० नॅनोसेकंद. साधी २११४ उत्तर द्यायला ४५० नॅनोसेकंदांपर्यंत घेते, साधी २७१६ पण तेवढेच. दोन्ही मिळून ९००. एका अक्षर-काळात बसत नाही. म्हणून मेमरी आणि रॉमच्या मध्ये एक लॅच (आकडा तात्पुरता धरून ठेवणारी चिप) असतो, बहुधा ७४२७३ किंवा ७४३७४: या काळात मेमरीतून क्रमांक घ्यायचा, पुढच्या काळात रॉमला विचारायचं, त्यापुढच्यात ठिपके सोडायचे. परिणामी ठिपके कंट्रोलरच्या मोजणीच्या दोन अक्षर मागे चालतात. मग ‘आता पडदा दिसू दे’ आणि ‘इथे कर्सर’ हे ६८४५ चे दोन सिग्नलही तेवढेच मागे ढकलावे लागतात, नाहीतर डावीकडची पहिली अक्षरं कापली जातात आणि उजव्या कडेला कचरा दिसतो. सर्किटमध्ये या सिग्नलांच्या वाटेत उगाच टांगल्यासारखे दोन फ्लिपफ्लॉप दिसले, तर ते यासाठी आहेत.

पाचवी पायरी: रजिस्टरं भरणं

६८४५ ला ही सगळी मापं कुणीतरी सांगावी लागतात. वीज आली की प्रोसेसर ती भरतो. आत अठरा रजिस्टरं आहेत, ० ते १७, पण बाहेरून दोनच दरवाजे: एकात रजिस्टरचा क्रमांक टाकायचा, दुसऱ्यात किंमत. वरच्या उदाहरणासाठी अशा किमती येतील: शून्याव्यात १११, पहिल्यात ८०, दुसऱ्यात साधारण ९० (आडवा सिंक कुठे सुरू), तिसऱ्यात ८ (किती रुंद), चौथ्यात ३०, पाचव्यात २ (भरीच्या रेघा), सहाव्यात २४, सातव्यात २७ (उभा सिंक कुठे), आठव्यात ०, नवव्यात ९.

शून्याव्यात ११२ नसून १११ का? कारण मोजणी शून्यापासून होते. चौथ्यात ३१ ऐवजी ३०, नवव्यात १० ऐवजी ९, तेही त्याचमुळे. पण पहिल्यात आणि सहाव्यात मात्र जशीच्या तशी संख्या द्यायची. हे पाठ करण्यापेक्षा कागदावर लिहून बोर्डाला चिकटवा.

सरावाला आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डाच्या किमती घ्या: ९७, ८०, ८२, १५, २५, ६, २५, २५, २, १३. क्रिस्टल १६.२५७ मेगाहर्ट्झ, अक्षर नऊ ठिपके रुंद. नऊने भागा, मग ९८ ने: सेकंदाला सुमारे १८,४३२ रेघा. एका पडद्याच्या रेघा २६ × १४ अधिक ६, म्हणजे ३७०. भागलं की सेकंदाला जवळपास ५० पडदे. हा हिशोब स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुठल्याही अनोळखी टर्मिनलची रॉम वाचून त्याचा मॉनिटर कोणत्या मापाचा आहे हे तुम्हाला याच वाटेने कळणार आहे. १८ किलोहर्ट्झच्या मॉनिटरला १५ चा सिंक देऊ नका. जुने काही मॉनिटर अशाने खरोखर जळतात.

उरलेल्यांपैकी दहावं-अकरावं कर्सर कोणत्या रेघेपासून कोणत्या रेघेपर्यंत हे ठरवतात. चौदावं-पंधरावं कर्सरचा पत्ता. सोळावं-सतरावं लाइट पेनचं, तो आपल्याकडे कुणी पाहिलेला नाही, सोडून द्या.

बारावं-तेरावं मात्र मोलाचं. पडद्याचा पहिला बाइट कोणता हे ते सांगतात. मजकूर एक ओळ वर सरकवायचा तर २३ ओळींचे १८४० बाइट उचलून हलवायचे? गरज नाही. या रजिस्टरांत ८० मिळवा, तळाची नवी ओळ कोऱ्या जागांनी पुसा, झालं. पत्ता २०४८ च्या पलीकडे गेला तरी बिघडत नाही: कंट्रोलर १४ तारांवर पत्ता देतो, त्यातल्या ११ च मेमरीला जोडलेल्या असतात, त्यामुळे मोजणी आपोआप मेमरीच्या सुरुवातीला वळते. पण कर्सरचा पत्ता ६८४५ आतल्या आत पूर्ण १४ बिटांशी ताडून बघते. प्रोग्रामने कर्सरचा पत्ता २०४८ वर कापून दिला आणि पडद्याची मोजणी त्यापुढे गेलेली असेल, तर अक्षरं व्यवस्थित दिसतात आणि कर्सर गायब. स्वतःचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, नाहीतर चांगली चिप फेकली जाते.

मध्येच: आपली लिपी या मोजणीत का बसत नाही

‘रत्नागिरी’ हा शब्द इस्की या भारतीय मानक संकेतात (आयएस १३१९४, १९९१) साठवायचा तर र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी असे नऊ क्रमांक लागतात. ६८४५ च्या हिशोबात नऊ क्रमांक म्हणजे नऊ घरं, डावीकडून उजवीकडे. पण हलन्ताला घर नको, त्याने त ला अर्धा करायचा आहे. ‘गि’ ची वेलांटी साठवताना ग नंतर येते आणि दिसायला आधी हवी. उकार खाली, मात्रा वर, म्हणून घर उंच हवं. शिवाय शिरोरेषा घरांच्या सीमेवर तुटता कामा नये. रोमन अक्षरांच्या रॉममध्ये तर उजवीकडचा ठिपका मुद्दाम कोरा ठेवलेला असतो.

म्हणून देवनागरीसाठी मोजणीला हात न लावता मोजणीच्या आधीच काम करावं लागतं. प्रोसेसरने शब्द मोडून, क्रम बदलून, आकारांचे क्रमांक पडद्याच्या मेमरीत टाकायचे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या काळात पीसीवर मराठी दाखवली ती हे सगळं रूपांतर सांभाळून. शिरोरेषेबद्दल एक गंमत: आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डात नववा ठिपका कोरा असतो, पण १९२ ते २२३ या क्रमांकांसाठी आठव्या ठिपक्याचीच नक्कल होते, म्हणजे तक्त्यांच्या चौकटीच्या आडव्या रेघा अखंड राहतात. अमेरिकेत चौकटींसाठी केलेली ही सोय आपल्या प्रत्येक अक्षराला लागते.

सहावी पायरी: तार जोडून बघा

मागच्या कनेक्टरवर २ नंबरची पिन टर्मिनलकडून पाठवणारी, ३ घेणारी, ७ सामाईक. टर्मिनल चालू असताना ७ च्या तुलनेत २ वर उणे नऊ ते उणे बारा व्होल्टच्या आसपास दिसले तर १४८८ जिवंत आहे. मग एका तारेच्या तुकड्याने २ आणि ३ जोडा आणि कीबोर्ड दाबा. दाबलेलं अक्षर बाहेर जाऊन परत आत येतं आणि पडद्यावर उमटतं. उमटलं तर कीबोर्ड, प्रोसेसर, सिरियल, व्हिडिओ सगळं एका दमात तपासून झालं. काही टर्मिनलं सीटीएस (पाठवायची परवानगी देणारी तार), म्हणजे पिन ५, मोकळी असेल तर पाठवतच नाहीत. तेव्हा ४ आणि ५ पण आपसात जोडा.

लॅपटॉपला जोडायला यूएसबी ते सिरियल केबल लागते, तिच्या टोकाला नऊ पिना. जोडणी अशी: २ ला २, ३ ला ३, आणि पंचवीसवाल्याची ७ नऊवाल्याच्या ५ ला. सरळ दिसली तरी ही उलटवलेलीच जोडणी आहे, कारण दोन कनेक्टरांत २ आणि ३ ची कामं अदलाबदल झालेली असतात. दोन्हीकडे वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. लॅपटॉपवर पुटी किंवा मिनिकॉम हा सिरियल तारेशी बोलणारा प्रोग्राम उघडून टाइप करा. ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं येतात, म्हणजे अख्खा पडदा भरायला दोन सेकंद.

सातवी पायरी: बिघाड वाचणं

पडदा पूर्ण काळा आणि मेकॅनिक म्हणतो, ‘ट्यूब गेली.’ लगेच मान डोलावू नका. बऱ्याच टर्मिनलांत एलओटी कंट्रोलरच्या आडव्या सिंकवर चालतो. प्रोसेसर सुरूच झाला नाही तर ६८४५ ची रजिस्टरं भरली जात नाहीत, सिंक नाही, म्हणून ईएचटी (ट्यूबचा उच्च दाब) नाही, म्हणून पडदा काळा. ट्यूब ठणठणीत असते. आधी पाच व्होल्ट मोजा, मग प्रोसेसरचा क्लॉक आणि रीसेट, मग प्रोग्रामची रॉम सॉकेटमध्ये नीट बसली आहे का.

उलट, पडदाभर भलतीसलती पण स्थिर अक्षरं दिसत असतील तर ही चांगली खबर समजा. रजिस्टरं भरली गेली आहेत, मोजणी चालू आहे. प्रोसेसर ती भरून झाल्यावर, पडदा पुसण्याआधी कुठेतरी अडकला. बहुधा त्याची स्वतःची रॅम.

कोऱ्या जागी सगळीकडे डॉलरचं चिन्ह आणि ए च्या जागी ई, बी च्या जागी एफ दिसलं तर आकडे मांडा. कोरी जागा ३२, डॉलर ३६. ए ६५, ई ६९. दरवेळी चारची भर, म्हणजे चारच्या किमतीचा बिट कायमचा वर अडकलाय. चार २११४ पैकी खालचे चार बिट धरणाऱ्या दोन तपासा, मग लॅच. प्रत्येक अक्षरात एकच उभी ठिपक्यांची पट्टी कोरी असेल तर मेमरीकडे बघूच नका, तो दोष रॉमच्या एका पायात किंवा ७४१६६ मध्ये. अक्षरातल्या रेघा जोडीने दिसत असतील, शून्यावी दोनदा, दुसरी दोनदा, चौथी दोनदा, आणि विषम रेघा गायबच, तर रेघेच्या क्रमांकाची सर्वांत खालची तार शून्यावर अडकली. अक्षरं शुद्ध, पण तोच मजकूर पडद्यावर दोनदा आला तर मेमरीच्या पत्त्याची तार. यातले निम्म्याहून जास्त दोष चिप उचलून, पाय घासून परत बसवल्यावर जातात.

चित्र वर किंवा खाली पळत असेल तर उभा सिंक, तिरकं फाटत असेल तर आडवा. मधोमध एकच झळझळीत आडवी रेघ असेल तर ब्राइटनेस ताबडतोब कमी करा, नाहीतर फॉस्फर तिथे कायमचा जळेल. हा उभ्या डिफ्लेक्शनचा दोष, कंट्रोलरचा संबंध नाही, ड्राय सोल्डर शोधा.

६८४५ खरोखर मेलीच असेल तर जुनं मोनोक्रोम, कलर किंवा हर्क्युलीस पद्धतीचं पीसी कार्ड भंगारात शोधा. त्यावर ती बरेचदा सॉकेटमध्येच मिळते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ६८४५ मध्ये तिसऱ्या आणि आठव्या रजिस्टरच्या वरच्या बिटांचे अर्थ थोडे वेगळे आहेत. बदलल्यावर चित्र एखाद्या अक्षराने सरकलं किंवा उभा सिंक बिघडला तर आधी ही दोन रजिस्टरं बघा. आणि दुरुस्त झालेलं टर्मिनल मृगापासून दसऱ्यापर्यंत गोधडीखाली झाकून ठेवू नका. आठवड्याला अर्धा तास चालू करा, आतली ऊब सॉकेटांना कोरडं ठेवते. वीज कडाडू लागली की सप्लायचा प्लग आणि मागची सिरियल केबल, दोन्ही काढा.